नारुतोचे भोवरे आणि सातवीतली लाल रेघ

महालक्ष्म्या बोळवल्या, मुखवटे मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं नागपूरच्या विमानतळावर हजर झालो. दिल्लीचं विमान साडेदहाचं, आम्ही सातला. नागपूरच्या माणसाला लवकर निघायची सवयच असते. उन्हं चढायच्या आत काम उरकायचं हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं आहे की पावसाळ्यातही आम्ही उन्हाला भिऊनच घराबाहेर पडतो. या सवयीनं पुढे जपानात आमची चांगलीच फजिती केली, पण ती तिच्या जागी सांगेन.

माझ्या यजमानांचं नाव मधुकर. प्रवासवर्णनात "हे, हे" किती वेळा लिहिणार, म्हणून सरळ मधुकरराव लिहिते. ते मूळचे भिवापूरचे. घरची मिरचीची शेती आहे आणि नागपुरात मसाल्याचं दुकान. परदेशात जाताना लोक औषधं घेतात, आमच्याकडे लाल मिरचीच्या ठेच्याची बरणी होती, वर बोटभर तेल, तोंडाला तीन पदरी प्लास्टिक. "जपानात सगळं अळणी रायते म्हणे," एवढंच त्यांनी जपानबद्दल वाचलं होतं.

मी भूगोलाची मास्तरीण. कन्हानच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. गाव कन्हान नदीच्या काठावर, शाळेतून पूल दिसायचा. समुद्र मात्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा लग्नाच्या वऱ्हाडातून, जरीच्या साडीत. तरीही समुद्रप्रवाह, भरती-ओहोटी, आवर्त, सगळं मी फळ्यावर असं काढायचे की पोरींनी वहीत बोटी काढाव्यात.

आमची लेक अश्विनी नोकरीनिमित्त कोबे शहरात राहते. चार वर्षं बोलावत होती. या वेळी मी हो म्हटलं, पण एका अटीवर. "मला समुद्रातला भोवरा दाखव. देवळं, बागा नाही दाखवल्यास तरी चालेल."

या हट्टामागे एक मुलगी होती. सातवीतली वैशाली. तिचे वडील किसनभाऊ कन्हानच्या पात्रात जाळं टाकायचे आणि डोंगा (लाकडी नाव) चालवायचे. पुस्तकात धडा होता चक्रीवादळांचा. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, हे पुस्तकात होतं आणि ते खरंच आहे. पण मला पदरचं जोडायची हौस. मी पुढे शिकवलं की पाण्यातला भोवराही उलटाच फिरतो, मग तो समुद्रातला असो की आपल्या कन्हानमधला. सहामाहीला प्रश्नही तोच घातला. वैशालीनं उत्तर लिहिलं, "आमच्या काठाचा भोवरा घड्याळासारखा फिरते अन् पल्याडचा उलटा. मी बाबासंग डोंग्यात बसून पाहिला."

मी त्यावर लाल रेघ ओढली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तिला उभं करून ते उत्तर वर्गात वाचायला लावलं, आणि वर म्हटलं, "भूगोल डोंग्यात बसून नाही, पुस्तकात पाहून शिकायचा असतो." वर्ग खदखदून हसला. मीही हसले. ती हुशार पोर, आधी प्रत्येक प्रश्नाला हात वर करायची. त्यानंतर दहावीपर्यंत तिचा हात मी वर गेलेला पाहिला नाही.

निवृत्तीनंतर एकदा कुठेसं वाचलं की लहान भोवऱ्यांना अशी ठरलेली दिशा नसते. माझा विश्वास बसेना. पण तेव्हापासून ती लाल रेघ डोळ्यांपुढून हलेना. मला एकच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवायची होती, त्या पोरीवर मी अन्याय केला होता की नव्हता.

कोबेला पोचलो आणि वादळानं गाठलं. ताइफू (आपल्याकडचं चक्रीवादळ) दूर समुद्रातून किनाऱ्याला समांतर निघालं होतं. अश्विनीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोन दिवस अडकलो. पाऊस खिडकीवर आडवा येत होता. खालच्या रस्त्यावर छत्र्या उलट्या होत होत्या आणि लोक त्या शांतपणे सुलट्या करून पुढे जात होते. आपल्याकडे एवढ्यात चहाच्या टपरीवर चर्चासत्र भरलं असतं.

टीव्हीवर उपग्रहाचं चित्र दर तासाला दाखवायचे. पांढऱ्याशुभ्र ढगांचं शेकडो किलोमीटर रुंदीचं चक्र, मधोमध काळा ठिपका. मी फळ्यावर जन्मभर काढलं ते माझ्यासमोर फिरत होतं. मधुकरराव चहा करत होते, त्यांना मी धडाच दिला.

"समुद्राचं पाणी तापतं, त्याची वाफ वर जाते. खाली हवा विरळ होते. मग ती जागा भरायला चहूकडून हवा धावते. पण पृथ्वी स्वतः फिरते आहे ना, म्हणून आपल्या गोलार्धात ती हवा सरळ पोचत नाही, उजवीकडे सरकते. मधल्या खळग्यात शिरायच्या ऐवजी त्याच्याभोवती फिरत राहते. पाहा, काट्यांच्या उलट."

"अन् मधातला ठिपका?"

"तो वादळाचा डोळा. तिथे वारा पडलेला असतो, कधीकधी निळं आभाळसुद्धा दिसतं. लोक फसतात, वादळ गेलं समजून बाहेर पडतात, आणि मग दुसऱ्या बाजूचा वारा येतो."

"मंग थे मरते कवा?"

"जमिनीवर चढलं की. गरम पाण्याचा खुराक तुटतो. बंगालच्या उपसागरात उठलेलं वादळ नागपूरला पोचेपर्यंत तीन दिवसांची झड होऊन येतं, ते त्यामुळेच."

ते चक्र पाहताना मला फार बरं वाटत होतं. उलटंच फिरत होतं, अगदी माझ्या शब्दाला जागून. मी म्हटलं, "पाहिलंत? मी बरोबर होते."

मधुकररावांनी कप पुढे केला. "हे वादळ हाय. भोवरा पाहून घे आधी, मंग नाच."

तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निघालं. आदल्या रात्रीच मी फर्मान काढलं होतं, सातला घर सोडायचं. अश्विनीनं जरा कुरकुर केली, पण तिलाही नागपूरचंच वळण. साडेसातच्या बसमध्ये आम्ही बसलो होतो. कोबेहून एक भलाथोरला झुलता पूल आवाजी बेटावर जातो. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कांद्याची शेतं आणि भाताचे तुकडे. मधुकरराव काचेला नाक लावून शेतं पाहत होते. "माती चांगली हाय. पण बांधावर एक झाड नाई. बैल कुठी बांधत असन?" बैल नाहीत, यंत्रं आहेत, असं लेकीनं सांगितल्यावर त्यांनी काचेवरून नाक काढलं.

बेट संपतं तिथे दुसरा पूल. त्याच्याखाली नारुतोची सामुद्रधुनी. भोवऱ्यांचं जगप्रसिद्ध ठिकाण! मी खिडकीशी सरसावून बसले. बस पुलावर आली, मी खाली पाहिलं, आणि माझा चेहरा पडला.

पाणी निवांत पसरलेलं होतं. इतकं गुळगुळीत की पुलाच्या खांबांची सावली त्यात सरळ दिसत होती. एक बगळ्यासारखा पक्षी अगदी मधोमध तरंगत होता. अंबाझरीच्या तलावात सुट्टीच्या दिवशी यापेक्षा जास्त खळबळ असते.

पावणेदहाला आम्ही बोटीच्या धक्क्यावर. तिकीटखिडकीतल्या बाईंनी तीनदा वाकून नमस्कार केला, भरती-ओहोटीच्या वेळांचा एक छापील तक्ता पुढे सरकवला आणि हळू आवाजात बरंच काही सांगितलं. अश्विनी ऐकता ऐकता हसायला लागली.

"आई, त्या म्हणून राहिल्या की आता पाणी थांबलेलं आहे. भरती अन् ओहोटीच्या मधात. भोवरे एक वाजता निघतील. आता तिकीट घेतलं तं फक्त बोट दिसेल."

"मग तू आधी का नाही पाहिलंस?"

"मले वाटलं तू पाहिलं असशील! भूगोलाची मॅडम तू आहे का मी?"

मधुकररावांना तर दिवाळीच झाली. धक्क्यावरच्या बाकावर बसून मांडीवर थाप मारत ते म्हणाले, "बाप्पा! तीस वर्षं पोराइले भरती-ओहोटी शिकवली, अन् स्वतः भरतीचा टाइम नाई पाहिला! अवं, समुद्र काय नागपूरच्या उन्हाले भेते का?"

खरंच होतं. आम्ही सूर्य पाहून निघालो होतो आणि समुद्र चंद्र पाहून चालतो. पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली होती, महिन्यातली मोठी भरती. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण सकाळी घर सोडताना ते माझ्या डोक्यात होतं कुठे? डोक्यात फक्त ऊन होतं. पाठांतर एकीकडे आणि पाय दुसरीकडे, अशी माझी गत झाली.

तीन तास काढायचे होते. धक्क्याच्या मागच्या चढावर एक छोटं खाण्याचं दुकान होतं, दारावर निळा पडदा. आत सहा खुर्च्या आणि गल्ल्यामागे एक सत्तरीपुढचे आजोबा, डोक्याला पंचा बांधलेला. दुकानात दोनच गोष्टी मिळत होत्या, भाजलेली रताळी आणि उदोन (जाड शेवया, गरम पातळ रश्श्यात). रश्श्यात मासळीचा अर्क असतो म्हणून मी रताळ्यावर भागवलं. रताळं असं गोड की मी दुसरं मागवलं. अश्विनीनं तिच्या वाडग्यावर सुदाची (लिंबाहून लहान, हिरवंगार आंबट फळ) पिळलं. त्याचा वास संत्र्याच्या कोवळ्या सालीसारखा आला आणि मला उगीचच आमच्याकडच्या बागा आठवल्या.

मधुकररावांनी उदोनचा एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि पिशवीतून बरणी काढली.

"बाबा, इथं नका ना," लेक कुजबुजली. पण तोवर चमचाभर ठेचा वाडग्यात गेला होता. आजोबा गल्ल्यामागून मान लांब करून पाहत होते. मधुकररावांनी बरणी त्यांच्याकडे सरकवली आणि चक्क मराठीत म्हणाले, "घ्या ना गा. घरची हाय. भिवापूर."

आजोबांनी जेवायच्या काडीच्या टोकानं इवलासा ठेचा घेतला. आधी काही झालं नाही. मग त्यांचे कान लाल झाले, मग कपाळ, मग त्यांनी डोक्याचा पंचा काढून डोळे पुसले. मला वाटलं आता आपल्याला दुकानाबाहेर काढतात. त्यांनी एक ग्लास पाणी पिऊन घेतलं, मोठ्यानं हसले, आणि पुन्हा काडी पुढे केली.

मग गप्पा सुरू झाल्या, अश्विनीच्या तोंडून. आजोबांनी चाळीस वर्षं याच सामुद्रधुनीत बोट चालवली होती. गुडघे गेले तेव्हा दुकान टाकलं. मी त्यांना विचारलं, भोवरे इथेच का होतात?

"ते म्हणून राहिले," लेक सांगू लागली, "की या बेटाच्या एका बाजूला आतला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला बाहेरचा. बाहेर भरती आली की ते पाणी बेटाला पूर्ण वळसा घालून आतल्या बाजूला पोचते. त्याले पाच-सहा तास लागते. तोवर बाहेरची भरती उतरून ओहोटी झालेली असते. म्हणजे पुलाच्या एका बाजूला पाणी उंच अन् दुसऱ्या बाजूला खाली."

"पायरीसारखं?"

"हो, पायरीच. माणसाच्या छातीएवढी होते कधी कधी. मग ते सगळं पाणी या अरुंद तोंडातून धावते. मधात खोल आहे म्हणून तिथं जोरात. काठाला उथळ, खडक, तिथं हळू. जोराचं अन् हळूचं पाणी जिथं एकमेकाला घासते, तिथं वळ पडते. त्याले हे लोक उझुशिओ म्हणतात."

मी पुढे सरकून विचारलं, "अन् ते फिरतात कोणत्या बाजूनं?"

लेकीनं विचारलं. आजोबांनी मधुकररावांचा वाडगा पुढे ओढला. रश्श्यावर ठेच्याचं लाल तेल पसरलं होतं. त्यांनी एक रुंद चमचा रश्श्यात उभा धरला आणि सावकाश, सरळ, स्वतःकडे ओढला.

चमच्याच्या दोन्ही कडांमागे लाल तेलाची दोन गोल वेटोळी उठली. उजव्या कडेचं एकीकडे फिरत होतं, डाव्या कडेचं बरोबर त्याच्या उलट. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच वाडग्यात, उत्तर गोलार्धात.

आजोबांनी पुन्हा ओढून दाखवलं. पुन्हा तेच. भिवापूरच्या मिरचीनं मला स्वच्छ लाल अक्षरांत दाखवलं होतं. आणि ते लाल रंगानंच दाखवावं, हे मला फार लागलं. जन्मभर मी स्वयंपाकघरात वरणात पळी फिरवली, पण एकदाही खाली वाकून पाहिलं नाही.

तरी माझ्यातली मास्तरीण चिवट. मी स्वतःला सांगितलं, वाडगा तो वाडगा, समुद्र तो समुद्र.

साडेबाराला आम्ही बोटीवर चढलो. धक्का सोडला तेव्हाच पाण्याचा रंग बदललेला कळला. सकाळचं निळं काचेसारखं पाणी आता हिरवट, फुगलेलं आणि ताणलेलं दिसत होतं. पुलाजवळ आलो आणि आवाज ऐकू आला, धरणाचे दरवाजे उघडल्यावर पेंचला येतो तसा, पण न थांबणारा. मधोमध पाणी नदीसारखं वाहत होतं. समुद्र वाहतो हे मी शिकवलं होतं, तो असा धावताना पाहिला नव्हता. सकाळी जिथे तो पक्षी आरामात बसला होता, तिथे आता पांढरा फेस उकळत होता.

बोट धावत्या पाण्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली. इंजिन चालू होतं, पण आम्ही जागच्या जागी होतो, इतका प्रवाहाचा जोर. आणि मग समोरचं पाणी खचलं. आधी एक बशी झाली, बशीची परात झाली, परातीच्या मधोमध खोल भोक पडलं आणि फेसाच्या रेघा त्याच्याभोवती वेगानं गुंडाळू लागल्या. अंगणात वीस माणसांची पंगत बसावी एवढा तो असेल. मी कठड्याला घट्ट धरलं. मला वाटलं बोट ओढली जाणार. पण बोट नुसती डुलली. भोवरा प्रवाहाबरोबर वाहत वाहत खाली गेला, उथळ झाला, पुसला गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्याच्यामागे दुसरा उठत होता.

"आई, दिशा पाहा!" अश्विनी ओरडली.

मी उजव्या हाताचं घड्याळ समोर धरलं आणि पाहिलं. आमच्या धक्क्याकडचा, म्हणजे नारुतोच्या बाजूचा भोवरा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत होता. दुसराही. तिसराही. मी तीस वर्षं जे चूक म्हणत आले, तसा तो माझ्यासमोर गोल गोल फिरत होता. बोट वळून प्रवाहाच्या पलीकडच्या कडेला, आवाजी बेटाच्या बाजूला गेली. तिथले भोवरे जरा लहान, पण उलटे.

आमच्या काठाचा घड्याळासारखा अन् पल्याडचा उलटा.

शब्दन् शब्द. सातवीतल्या पोरीनं डोंग्यात बसून जे पाहिलं होतं, ते मी एवढं अंतर तोडून जपानच्या समुद्रात वाचत होते. आता सगळं कळत होतं. वादळ शेकडो किलोमीटर रुंद, दिवसेंदिवस फिरणारं, त्याला पृथ्वीच्या फिरण्याचा हात लागतो. भोवरा अर्ध्या मिनिटाचा पाहुणा. पृथ्वीनं त्याला वळवायला तेवढा वेळ तरी कुठे मिळतो? त्याला वळवतं ते त्याच्या दोन्ही अंगांचं पाणी, एकीकडचं धावणारं, एकीकडचं रेंगाळणारं. इतकं साधं होतं ते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं आलं असं सांगता आलं असतं.

"काहून रडून राहिली वं?" मधुकररावांनी विचारलं.

"वैशाली बरोबर होती. मी चुकीची रेघ मारली."

ते यावर काहीतरी चेष्टा करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसता माझा हात कठड्यावरून काढून आपल्या हातात घेतला. "मंग सांग तिले. फोनवर नको, जाऊन सांग."

बोटीवरून उतरल्यावर मी आजोबांचा निरोप घ्यायला गेले. मधुकररावांनी उरलेली बरणी त्यांना देऊन टाकली. आजोबांनी पिशवीभर सुदाची दिली आणि काहीतरी म्हणाले. "ते म्हणतात," लेक हसत म्हणाली, "पुढच्या वेळी तक्ता पाहून या."

पुढचे दहा दिवस आम्ही देवळंही पाहिली आणि बागाही. छान होत्या. पण माझं मन कन्हानला जाऊन बसलं होतं.

परत आलो तेव्हा नागपुरात दसऱ्याची तयारी चालली होती. सामान तसंच टाकून मी वैशालीचा पत्ता काढला. ती कन्हानच्या पुढे एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका झाली होती, विषय भूगोल. हे ऐकून मला आनंद झाला आणि थोडा धीरही आला. म्हणजे मी तिचं फार नुकसान केलं नव्हतं तर.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळी आम्ही पोचलो. वैशाली व्हरांड्यात वह्यांचा गठ्ठा बांधत होती. मला पाहून धावत आली आणि वाकून नमस्कार केला. कानाजवळ एक-दोन पांढरे केस, डोळे तेच. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. लाल रेघ, डोंग्यातला भूगोल, ठेच्याचा वाडगा, समुद्रातले दोन्ही बाजूंचे भोवरे. "तुझं उत्तर बरोबर होतं वैशाली. चूक माझी होती. मला माफ कर."

ती हातातली सुतळी तशीच धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी बी तेच शिकवून राहिली."

"काय?"

"भोवरा उलटाच फिरते म्हणून. बारा वर्षं झाले. मागच्याच साली एका पोरीचं कापलं मी. तिनं लिहिलं होतं, दोन्ही बाजूनं फिरते म्हणून."

"पण तू तर स्वतः पाहिलं होतंस!"

"पाहिलं होतं. पण तुम्ही म्हणल्या तं मले वाटलं, मलेच चुकीचं दिसलं असन."

समुद्रावर उभी असताना मला वाटलं होतं की झालं ते एवढंच, एक उत्तर कापलं, एक हात खाली गेला. प्रत्यक्षात मी त्या पोरीचे डोळेच काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी माझे बसवले होते. ते पुढच्या पोरींनाही लागले होते. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

वैशालीच माझ्याजवळ येऊन बसली. "चला मॅडम, घरी चला. बाबा भेटतीन. लय आठवण काढते तुमची."

किसनभाऊ नदीकाठी डोंग्याला डांबर लावत होते. केस पांढरे, दंड अजून पीळदार. लेकीनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "मॅडम, एवढ्या दूर काहून गेल्या? डोंग्यात बसल्या असत्या तं मीच दाखवला असता."

मधुकररावांनी तोंड उघडलं, "काखेत कळसा अन्..."

"पुढचं बोलू नका," मी म्हटलं, आणि आम्ही सगळेच हसलो. वैशाली सगळ्यांत शेवटी हसली, पण हसली.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिचा सातवीचा वर्ग नदीवर आला. मीही गेले, मागे पोरींच्या रांगेत बसले. पावसाळा सरून कन्हान निवळली होती, मधली धार मात्र अजून जोरात होती. पोरं काठावरच्या खडकावर बसली आणि किसनभाऊ डोंग्यात उभे राहिले, हातात पळसाची कोरडी पानं. वैशालीनं आधी त्या मुलीला, जिचं उत्तर कापलं होतं, पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की तिचं बरोबर होतं. मग म्हणाली, "आज बाबा शिकवतीन."

किसनभाऊंनी या काठाशी पानं टाकली. पानं धारेच्या कडेला गेली आणि गोल फिरू लागली, घड्याळासारखी. पोरं ओरडली. त्यांनी डोंगा धारेपलीकडे नेला, उरलेली पानं मुठीत धरली आणि तिकडून हाक दिली, "आता सांगा रे! इथला कोणत्या बाजूनं फिरन?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. सगळ्यांत आधी जो हात वर गेला, तो त्यांच्या मॅडमचा, वैशालीचा होता.

त्या हाताची मी चोवीस वर्षं वाट पाहत होते, आणि हे मला त्या दिवशी काठावर बसून कळलं.